काठी एक कमी भरली

आमच्या सोसायटीत माणसाला नाव नसतं, फ्लॅट नंबर असतो. मी बी-सातशे दोन. सेक्रेटरी सकाळी गेटवर भेटले की "काय सातशे दोन, झालं का फिरून?" असंच विचारतात, आणि नेरुळात इतकी वर्षं काढल्यावर मीही त्याला ओ देतो. ही होती तोवर त्या नंबरात आम्ही दोघं होतो. हिला जाऊन दोन वर्षं झाली, नंबर तोच राहिला.

गेल्या जानेवारीत सोसायटीतल्या ज्येष्ठ मंडळींची सहल निघाली. कर्जतपलीकडे डोंगरात बौद्ध लेणी आहेत. तासाभराची चढण, वाट दाखवायला गावातल्या एक गाइड बाई, उतरल्यावर त्यांच्या वाडीत जेवण. मला जायचं नव्हतं. पण रविवारच्या फोनवर मुलाचं "बाबा, घरात बसून राहू नका" हे पालुपद सुरू झालं, आणि त्याला गप्प करायला मी "सहलीला चाललोय" असं सांगून टाकलं. मग जाणं भाग पडलं.

बस सहाला सुटली. शिरवण्याच्या बाजूनं हायवेला लागेपर्यंत सगळे जोडीजोडीनं बसून झाले होते. माझ्या शेजारी माझी पिशवी होती. पुढच्या सीटवर आमच्या समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ, म्हणजे सातशे एक. तेही एकटेच, कारण त्यांची बायको मुलीच्या बाळंतपणाला गेलेली आणि तीन महिने झाले तरी परतायचं नाव नाही. त्यांनी मागे वळून शेंगदाण्याचा लाडू पुढे केला. मी म्हणालो, "नको, दात दुखतात." माझे दात ठणठणीत आहेत. पण लाडू घेतला की गप्पाही घ्याव्या लागतात, आणि यांची सगळी नोकरी उरणच्या बंदरात गेलेली. एकदा सुरू झाले की कंटेनर मोजत बसतात.

वाडीत गाइड बाई वाट बघत उभ्या होत्या. पन्नाशीच्या असाव्यात. साडी वर खोचलेली, पायात कापडी बूट, शेजारी काठ्यांची मोळी. "हरेकानं एक घ्या," त्या म्हणाल्या. "उतरल्यावर परत द्यायची."

"बाई, टेन्शन नका घेऊ, माझ्याकडे लिस्ट आहे," सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी हजेरी घेतली, अर्थातच फ्लॅट नंबरानं. बी-सातशे दोनला मी नुसती काठी वर केली.

चढताना मी मागे पडलो. मी नेहमीच मागे पडतो. पूर्वी कुठल्याही सहलीला बस सुटायच्या वेळी मी कुठेतरी चहा पीत असायचो, आणि ही बसच्या पायरीवर उभी राहून साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ड्रायव्हरला सांगायची, "थांबा हो, आमचे हे यायचेत." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बसमध्ये बसल्यावर मी अर्धा तास तोंड फुगवून बसायचो. आता कुणीतरी तसं ओरडावं असं वाटतं, आणि हे कुणाजवळ बोलायची सोय नाही.

लेण्यापाशी पोचल्यावर आमच्या मंडळींनी मोबाइल बाहेर काढले. बाईंनी मात्र चैत्याच्या उंबऱ्याशी काठी टेकवली, बूट काढले, वाटेत खुडलेली रानफुलं आतल्या स्तूपापाशी ठेवली आणि हात जोडून पुटपुटत राहिल्या. मोबाइल खिशात गेले. मग एकेकानं बूट काढायला सुरुवात केली. "आमच्या बौद्धवाडीतले समदे पुनवेला येतो," त्या म्हणाल्या. "तुमाला बघायची लेनी, आमाला वंदनेची जागा हाय." मला वाकून नाड्या सोडायला वेळ लागला, पण सोडल्या.

बाजूलाच विहार होता. मधे चौकोनी दालन आणि तिन्ही बाजूंना दगडात कोरलेल्या लहान खोल्या. प्रत्येक खोलीत एक ओटा, एकाच माणसाला पुरेल एवढा. सेक्रेटरी म्हणाले, "किचन नाही, म्हणजे वन आरकेपण नाही हा," आणि सगळे हसले.

बाईंनी हसणं ओसरू दिलं. "आठ म्हैने भिक्षू गावोगाव फिरायचे," त्या म्हणाल्या. "पावसाळ्याचे चार म्हैने हितं एकत्र ऱ्हायचे. ज्याची त्याची खोली. कोन आला नाय तर लगेच कळायचं."

मंडळी पाण्याची टाकी बघायला बाहेर गेली. मी कोपऱ्यातल्या खोलीत शिरलो आणि ओट्यावर आडवा झालो. दगड थंड होता, लांबी मला बरोबर बसत होती. त्या भिक्षूंचा मला हेवा वाटला, खरंच सांगतो. आठ महिने एकटं राहणं मलाही जमलं असतं, पुढचे चार कुणीतरी शेजारच्या खोलीत असणार आहे हे माहीत असतं तर.

बाहेर उतरण्याआधीची हजेरी सुरू झाली. "बी-सातशे दोन?" मी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. झोप लागली नव्हती की चक्कर आली नव्हती. मला बघायचं होतं, मी नाही हे कुणाच्या लक्षात येतं का, आणि आलंच तर किती वेळानं.

"आहेत, आहेत," सातशे एकचा आवाज आला. "मागून येतायत सावकाश. पुढचा नंबर घ्या."

पुढचा नंबर घेतला गेला. मग बोलणं, हसणं, काठ्यांची टकटक खाली खाली जात राहिली आणि थांबली. पहिली पाच मिनिटं मला माझं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद झाला. मग राग आला. मग रागही गेला, आणि आपण सत्तरीला टेकलेले एक गृहस्थ अनवाणी पायांनी दगडावर पडून रुसलो आहोत हे लक्षात येऊन रडू आलं. रडलो थोडा. तिथे बघायला कुणी नव्हतं.

वीसेक मिनिटांनी पावलं वाजली. दारात बाई उभ्या होत्या, धापा टाकत, एका हातात माझे बूट. "बाबा, वळनावर उभं राहून मी काठ्या मोजते. एक कमी भरली."

मी काठी पुढे केली. "हिच्यासाठी एवढं चढून आलात?"

"काठ्या काय, रानात पायलीच्या पन्नास," त्या उंबऱ्यावर टेकल्या. "लिस्टीत समदे भरले व्हते. मी लिस्ट मानत नाय. तोंडानं कुनाचंबी कोनी हजर म्हनतं. काठी धरायला मानूस लागतो. डोळा लागला व्हता का?"

"हो," मी म्हणालो. नाड्या बांधून झाल्यावर म्हणालो, "नाही. हाक ऐकली होती. मुद्दाम ओ दिली नाही."

त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. "घरी कोन असतं?"

"कुणी नाही."

"मीबी एकटीच. पन सकाळी माझ्या चुलीचा धूर दिसला नाय तर शेजारीन बघाया येते. तुमच्याकडं कसं कळतं?"

मला बराच विचार करावा लागला. "दुधाची पिशवी," मी म्हणालो. "पहाटे दाराच्या कडीला लावून जातात. ती तशीच राहिली तर कळत असेल."

"कळलंय कधी?"

"अजून वेळ आलेली नाही."

त्यांनी उठायला हात दिला. उतरताना माझ्या पुढे न जाता त्या मागून चालल्या.

खाली पंगत अर्धी उठली होती. सातशे एक मला बघून सगळ्यांना म्हणाले, "मी सांगितलं होतं ना, मागून येतायत." नेरुळपर्यंत मी त्यांच्याशी एक अक्षर बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी उचलली नाही. काळ्या चहावर भागवलं आणि दाराजवळ खुर्ची ओढून पेपर घेऊन बसलो. सात वाजले, आठ वाजले. लिफ्ट वर-खाली होत राहिली. झाडूवाली माझ्या दारापुढचा केर काढून गेली. सव्वानऊला दाराच्या भिंगातून डोकावलो, पिशवी आहे ना ते बघायला. माझी पिशवी भिंगातून दिसत नाही. समोरची दिसते. सातशे एकची पिशवी कडीला तशीच लटकत होती.

ती रोज किती वाजता उचलली जाते, मला ठाऊक नव्हतं. तीन महिने तो माणूस चार पावलांवर एकटा राहत होता आणि मी एकदाही बघितलं नव्हतं. मी दार उघडून त्यांची बेल दाबली. आत शांत. पुन्हा दाबली, आणि या वेळी नंबरानं नाही, नावानं हाक मारली. ते नाव मला पाटीवर वाचावं लागलं.

बऱ्याच वेळानं पाय ओढल्याचा आवाज आला. कडी निघाली. ते बनियनवर होते, गुडघ्याला पंचा गुंडाळलेला. "पाय धरलेत कालपासून," ते म्हणाले. "पलंगावरून उठताच येईना. काय काम होतं?"

"काही नाही. पिशवी दिसली."

त्यांनी पिशवी काढून घेतली. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. "तुमचीही अजून तिथंच आहे की."

"हो," मी म्हणालो. "मुद्दाम ठेवली होती."

का, असं त्यांनी विचारलं नाही. चौकटीचा आधार घेत ते दारातून बाजूला झाले.