माझ्या मामेबहिणीचा राग

माझ्या मामेबहिणीइतकं मनापासून रागावणारं, रडणारं आणि हसणारं माणूस पवनेच्या दोन्ही काठांवर दुसरं जन्मलं नसेल. शिक्षणासाठी मी चिंचवडला मामांकडे राहिलो, तेव्हा ती जेमतेम नऊ वर्षांची होती. राग आला की आधी तिच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा. तो दिसताच मामी चुलीवरचं दूध उतरवून फळीवर ठेवायची. एकदा वेणी घट्ट घातली म्हणून ती उंबराच्या झाडावर जाऊन बसली आणि जेवणाचं ताट वर पाठवा म्हणाली. शेजारच्यांची शेळी विकली गेली, तेव्हा शेळीवाल्यांची समजूत घालायला गेलेली ही बाई त्यांच्यापेक्षा मोठ्यानं रडून परत आली. हसूही तसंच. लांबचे एक आजोबा वारले म्हणून भेटायला गेलो, तर तिथल्या भटजींच्या शेंडीवर माशी बसली आणि हिनं तोंडात पदर कोंबला, तोही मामीचा. मामा कपाळाला हात लावून म्हणायचे, "आगं, जरा दम धर. मनात आलं की लगीच बाहेर काढायचं, आसं न्हाई चालत." ती म्हणायची, "मग आत ठेवू कुठं?" मामा टोपी उचलून बाहेर पडत.

तिच्या वर्गात पिंपरी कॅम्पातली एक सिंधी मुलगी होती. फाळणीत सगळं मागे टाकून आलेलं कुटुंब. दोघी एका बाकावर बसत आणि एकमेकींच्या डब्यातलं खात. एक दिवस गुरुजींनी त्या मुलीला धडा वाचायला सांगितला. "काला घोडा पलाला," तिनं वाचलं. वर्ग खिदळला. पण सगळे थांबल्यावरही माझी बहीण हसतच राहिली, हसता हसता बाकावरून खाली बसली. मैत्रिणीनं पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी बहीण मला म्हणाली, "दादा, कॅम्पात चल. माझ्याच्यानं एकटीनं जाववत नाही."

दारात मैत्रिणीची आई खाटेवर पापड वाळत घालत होती. आम्ही कशासाठी आलो ते ऐकून ती म्हणाली, "उसको बात नहीं करनी, बेटी. घर जाओ." बहिणीचं नाक लालबुंद झालं. आता पापडांची खाट उलटणार म्हणून मी पुढे सरसावलो. पण तिनं फ्रॉकचं टोक मुठीत आवळलं आणि खाटेजवळ बसून पापड उलटायला लागली. ऊन डोक्यावरून कलंडलं, तरी ती एक अक्षर बोलली नाही. तिला इतका वेळ गप्प बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

शेवटी दाराच्या आडून आवाज आला, "हळू. पापड टूटेल."

"मी हसले ते चुकलं," बहीण पापडाकडे बघत म्हणाली. "सगळे हसले तेव्हा मी तुझ्याजवळ बसायला हवं होतं."

मग मैत्रीण पुस्तक घेऊन बाहेर आली. "पहले नीट शिकव," म्हणाली आणि वाचू लागली, "काळा घोडा पलाला." एक 'ळ' जमला, दुसरा निसटला. बहिणीचे गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, पण हसू काही तिनं बाहेर येऊ दिलं नाही. तिचा तो अवतार पाहून मैत्रीणच खो खो हसत सुटली, आणि मग दोघींना आवरणं तिच्या आईलाही जमेना.

एका दिवसात कुणी शहाणं होत नाही. त्यानंतरही दोन-चार कपबश्या फुटल्याच. पण ती हळूहळू निवत गेली. मला नागपूरला नोकरी लागली, तेव्हा ती तेरा वर्षांची होती. चिंचवड स्टेशनवर सोडायला आली आणि सारखी बोलत राहिली. तिकडं ऊन फार, टोपी घालत जा, पत्र टाक. गाडीची वेळ झाली आणि रडू आलं ते मलाच. नोकरीला निघालेला एवढा थोरला बाप्या, भर फलाटावर माझे डोळे वाहू लागले. डब्यातली माणसं बघू लागली. तेव्हा ती खिडकीशी आली, हातातला रुमाल माझ्यापुढे केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा शांत आवाजात म्हणाली, "काय धूळ आहे ना, दादा, या फलाटावर."