मोहखेडच्या गायरानासाठी एक हरकत

माझ्याबरोबर कुवेतमधल्या मंगफच्या फ्लॅटमध्ये राहणारी योगिनी म्हणजे हट्टाचं गाठोडं. आम्ही दोघी फहाहीलच्या एका दवाखान्यात नर्स. तिच्या गावी, मोहखेडला, तिची आई एकटी चार म्हशी राखून राहायची. सत्त्याण्णव साली आईचा फोन आला. शेजारचं शहर मोहखेड पोटात घेणार होतं आणि म्हशी चरतात त्या गायरानावर शहराचा कचरा टाकणार होतं.

"सरपंच काय म्हणतात?" मी विचारलं.

"त्यांच्या तोंडाला कुलूप. शहर आलं की त्यांच्या जमिनीचं सोनं होणार ना."

तिने फोनाफोनी करून माहिती काढली. शहराला गाव असं उचलून घेता येत नाही. आधी जाहीर करावं लागतं, लोकांच्या हरकती मागवून ऐकाव्या लागतात. ती मुदत रविवारी संपत होती आणि गावात कुणी पुढे व्हायला तयार नव्हतं. "आपण पेशंटला सुया टोचाव्यात, सरकारला नाही," मी म्हटलं. ऐकेल तर शपथ. मेट्रनशी भांडून तिने रजा मिळवली आणि शनिवारी रात्रीच्या विमानात बसली. रविवारी कागद दिला की झालं काम.

आता आमच्या अकलेचे तारे बघा. कुवेतमध्ये इतकी वर्षं शुक्रवारची सुट्टी घेऊन घेऊन रविवार म्हणजे कामाचा वार, हेच दोघींच्या डोक्यात बसलेलं. ती पोचली तर कचेरीला टाळं. फोनवर हे ऐकून मी रडलेच. ती म्हणाली, "रडतेस काय? उद्या उघडेल ना."

सोमवारी कारकुनाने कागद हातातसुद्धा घेतला नाही. मुदत संपली म्हणाला. ही दारातून हलेना. शेवटी साहेबच बाहेर आले. शेवटचा दिवस सुट्टीचा असला तर पुढचा कामाचा दिवस चालतो, असं सांगून त्यांनी शिक्का मारायला लावला. वर विचारलं, "बाई, तुम्ही तर कुवेतला. तुम्हाला कसला त्रास?"

"माझी आई इथे आहे," ती म्हणाली. "तिच्या म्हशी कचरा खाणार नाहीत."

सुनावणीला मग निम्मं गाव लोटलं. पुढच्या वर्षी निकाल लागला आणि मोहखेड शहराबाहेरच राहिलं. योगिनीने आईला फोन लावला तेव्हा मी शेजारीच उभी होते.

"गायरान राहिलं, बरं झालं," आई म्हणाली. "पण म्हशी आता माझ्याच्यानं होत नव्हत्या गं. विकल्या मी."

मला तर भडभडून आलं.

योगिनी म्हणाली, "दोन नव्या घेऊन ठेव. मी येतेय."