बाबालालची टेप

बाबालाल मुल्लाणी वॉर्डबॉय झाला तरी त्याच्यातला शिंपी काही सुटला नव्हता. गळ्यात टेप कायम. चौऱ्याहत्तर साली आमच्या कोल्हापूरच्या दवाखान्यात लिव्हरच्या कॅन्सरवर सुया सुरू झाल्या, तेव्हा रोज सकाळी पेशंटच्या पाणी साचून फुगलेल्या पोटाचा घेर मोजायचं काम डॉक्टरांनी त्यालाच दिलं. मी तिथं नर्स होते. कपड्याचं घेतात तसं, टेप आवळू नये म्हणून खाली दोन बोटं घालूनच तो माप घ्यायचा. दुसऱ्या आठवड्यात घेर उतरला तर सुई लागू पडली. नाही उतरला, तर हा खुशाल नातेवाइकांच्या तोंडावर सांगायचा, "पावणं, पोरास्नी बोलवून घ्या." मला भारी राग यायचा. पण मेल्याचा अंदाज कधी चुकला नाही.

मग त्याचीच बायको खैरुनबी त्याच आजारानं दाखल झाली. लेक मेहमुदा कागलला सासरी, गरोदर.

"सुई लागू पडंना झाली तर आत्ताच सांगा," खैरुनबी त्याला म्हणाली. "पोरीला एकदा बघायचं हाय. फुडं दिस भरल्यावर न्हाई यायची ती."

दुसऱ्या आठवड्यात त्यानं टेप लावली आणि ओरडलाच, "दीड इंच उतरलं!" सगळ्या वॉर्डाला साखर वाटली. "मेहमुदाला कशाला दगदग? नातवाला घिऊनच येईल की."

मी पलंगापाशीच होते. टेपखाली त्याची बोटं नव्हती. टेप घट्ट ओढली होती, आणि त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. मी बोलायला हवं होतं. त्याच्या तोंडाकडं बघून जीभच उचलली नाही. त्याची लाज अजून वाटते.

त्यानंतर नवव्या दिवशी खैरुनबी गेली. लेकीची भेट राहिली ती राहिलीच. आदल्या संध्याकाळी ती मला म्हणाली, "सिस्टर, त्या दिशी त्यांची बोटं अंगाला लागली न्हाईत. मला कळलं हुतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"ते साखर वाटत हुते की."

आठवड्यानं बाबालाल कामावर आला. पहिल्याच पेशंटला टेप लावली. बोटं सवयीनं खाली गेली आणि तो तिथंच थांबला. त्या बोटांकडं बघतच त्यानं मला विचारलं,

"सिस्टर, तिच्या वक्ताला म्या बोटं घातली हुती न्हवं?"

"घातली होती," मी म्हटलं.