सकाळची माफी

"काका, काल मी तुमाले काई बोललो काय?"

माझ्या दुकानाचं शटर जेमतेम अर्धं वर गेलेलं असायचं आणि हा पायरीखाली उभा. आंघोळ झालेली, केस ओले, हातातला गमछा उगाच पिळत राहिलेला. माझ्या उत्तरासाठी तो फारसा थांबतही नसे. "बोललो असन तं माफ करजा," म्हणायचा आणि पुढच्या दुकानाकडे वळायचा. पानवाला, मग सायकलवाला, मग मेडिकलवाला. आमच्या शिरपूरला मंदिरासाठी लांबून जैन यात्रेकरू येतात. त्यांच्यात वर्षातून एकदा सगळ्यांची क्षमा मागायची रीत आहे. हा आठवड्यातून तीनदा मागायचा. ते बिचारे कौतुकाने बघत उभे राहायचे.

त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण त्याची आई अजून आमच्याच गल्लीत राहते. वय असेल तेवीस-चोवीस. माझं शिवणकामाचं दुकान आणि भिंतीपलीकडे त्याचं, मोटारी भरायचं. विहिरीवरची मोटार जळली की लोक ती त्याच्याकडे घेऊन येत. जळकी तार उपसून नवी तांब्याची तार तो वेढ्यामागे वेढा घालत बसायचा. कोणत्या मोटारीला किती वेढे, हे लिहून ठेवायला त्याला वही लागत नसे. मोटार दारात उतरली की लांबूनच सांगायचा, "हे पोळ्याच्या आधी आली होती, तवा बेअरिंग बी बदललं होतं." आणि ते खरं निघायचं.

अशा डोक्याच्या पोराला कालची संध्याकाळ आठवत नसे.

चार-पाच मित्र होते, सगळे त्याच्याच वयाचे. काम आटोपलं की नाल्याच्या पुलाकडे प्यायला बसत. तुम्हाला वाटेल, पिऊन कुठेतरी लोळत पडत असेल. तसं नव्हतं. तो चालत यायचा, भेटेल त्याला जय भीम घालायचा, घरी जाऊन जेवायचा, चपला जागेवर ठेवायचा. बघणाऱ्याला वाटावं, थोडीच घेतली आहे. सकाळी मात्र सातनंतरचं काहीच शिल्लक नाही. मित्रांना त्याची मौज वाटे. कोणाला जास्त आठवत नाही यावर त्यांच्यात बढाया चालत. हाही त्यांच्यात हसायचा, पण आत घाबरलेला असायचा. एकदा काम करता करता मला म्हणाला, "काका, मोटार जळते तवा वास तं येते. मले वास बी येत नाई." मी त्याला सोडून दे म्हणालो. तो म्हणाला, "हो." दोन दिवसांनी पुन्हा पायरीखाली उभा.

आता माझं सांगतो. मला थट्टेची खोड. त्याने विचारलं की मी काहीतरी ठोकून द्यायचो. "काल तू सायकलवाल्याच्या बकरीच्या गळ्यात हार घातला, अन् तिले सरपंच म्हणत होता." तो कानापर्यंत लाल व्हायचा आणि म्हणायचा, "असन बावा." मग खरोखर जाऊन सायकलवाल्याची माफी मागायचा. सायकलवालाही मला सामील; पोरगा पाठमोरा झाला की आम्ही पोट धरून हसायचो. एकदा मी सांगितलं, की तू अंगणवाडीतला पंखा दुरुस्त करून द्यायचं कबूल केलंस. असं काही झालं नव्हतं. दुपारी हा तिथे शिडीवर चढलेला. त्याची आई त्याच अंगणवाडीत मदतनीस आहे. पोराने आपण होऊन पंखा चालू केला, म्हणून तिने सगळ्या गल्लीत सांगितलं. खोट्यातूनही चांगलं होतं, असं तेव्हा माझ्या डोक्यात बसलं.

बाप लहानपणीच गेलेला. घरात हे दोघंच. मागच्या वर्षी थंडीत त्याची आई संध्याकाळी नळावर घसरली आणि तिचं मनगट मुरगळलं. माझ्या बायकोनेच हळद लावून पट्टी बांधली. ही बाई आपलं दुखणं कधी कोणाला सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा माझ्याकडे आला, तो नेहमीचं विचारायला नव्हे.

"काका, आईच्या हाताले पट्टी काहून हाय? मी इचारलं तं म्हने, काई नाई."

त्या क्षणी मला वाटलं, हीच वेळ आहे. पोरगं वाया चाललं होतं. बोलून थकलो होतो. मी टेप गळ्यात अडकवली आणि त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "तुले खरंच आठवत नाई? तूच मुरगळला तो हात. पेऊन आला होता अन् ते जेवाले बोलवत होती."

तो पायरीवर बसला. असन बावा म्हणाला नाही, माफी मागितली नाही, पुढच्या दुकानात गेला नाही. बऱ्याच वेळाने उठून आपल्या दुकानात शिरला आणि आतून दार लावून घेतलं.

त्या दिवसापासून त्याने दारूला हात लावला नाही. मित्र बोलवायला आले, ते परत गेले. मी बायकोला मोठ्या तोऱ्यात सगळं सांगितलं. ती चिडली. "आत्ताच्या आत्ता जा आणि खरं सांग," म्हणाली. मी म्हणालो, महिना जाऊ दे, जरा पक्कं होऊ दे. महिना गेला. मग मी म्हणालो, अजून एक.

पण तुम्ही त्याला तेव्हा बघायला हवं होतं. घरी झोपणं त्याने बंद केलं, दुकानातच पडायचा. आई डबा घेऊन आली की उठून उभा राहायचा आणि दोन्ही हात पाठीमागे बांधायचा. डबा खाली ठेवायला लावायचा. तिने डोक्यावरून हात फिरवायला पुढे केला, तर हा मागे सरकून भिंतीला टेकायचा. हे मी कितीदा पाहिलं आणि मशीनवर मान खाली घातली. एकदा ती मला म्हणालीही, "भाऊ, दारू सोडली, लय चांगलं झालं. पन मले काहून सोडून राह्यला?" मी सुईत दोरा ओवत होतो. ओवतच राहिलो.

होळीनंतर एका सोमवारी त्याचं दुकान उघडलं नाही. जऊळक्याच्या स्टेशनवरून गाडीत बसून गेला होता. सुरतेला एका कारखान्यात मोटारी भरतो, असं त्याच्या चुलतभावाकडून कळलं. पीत नाही. गावात सगळे म्हणाले, पोरगा सुधरला.

आठवडाभराने त्याची आई दुकानात आली. शिवायला काही नव्हतं. स्टुलावर बसली.

"भाऊ, जायच्या आधी त्यानं मले इचारलं. म्हने, आई, तुया हात मी मुरगळला ना? मी म्हनलं, नाई रे बाप्पा, मी नळावर घसरली. तं म्हने, तू तं नाईच म्हनशीन, तू आई हायेस." तिने पिशवी मांडीवर घेतली. "असं कोनं घातलं असन त्याच्या डोक्यात?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. ती ओरडेल, शिव्या देईल, असं वाटलं होतं; दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुमच्याच बायकोनं पट्टी बांधली होती, भाऊ." मग पिशवीतून फोन काढून माझ्यापुढे धरला. "लावा."

त्याने उचलला. मागे यंत्रांचा आवाज होता. मी म्हणालो, "पोरा, मी लबाड बोललो रे तुयाशी. तुयी दारू सुटावी म्हून बोललो. आई नळावर घसरली होती. तू काईच केलं नाई."

 तो हसला, अगदी प्रेमाने.

"आईनं बसवलं ना तुमाले फोनवर? राहू द्या, काका. गावात तुमी एकटेच मले खरं सांगनारे होते. आता तुमी बी लाड नका करू."

मी पुन्हा सांगितलं, शपथ घेतली, आवाज चढवला. "बरं काका," म्हणून त्याने फोन ठेवला.

आजवर मी कितीतरी पोरांची थट्टा केली असेल. त्या दिवशी मात्र मला माझ्या जिभेची किळस आली. त्याची आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"मानलं काय त्यानं?"

"नाही."

तिने फोन माझ्या हातातून घेतला, पदराने पुसला आणि पिशवीत ठेवला.

"मंग उद्या परत लावा," ती म्हणाली.