लेझरचा सौदा

आमच्या गृहस्थांना चष्मा घालवायचा होता, आणि त्याचं कारण ऐकून मी तव्यावरची पोळी करपवली. कारण होतं वाढदिवसाचा फ्लेक्स. वणीच्या चौकात दर आठवड्याला कोणत्या तरी युवा नेत्याचा फ्लेक्स लागतो, आणि डोळ्यावर काळा गॉगल नसेल तर तो नेता म्हणे नेता वाटतच नाही. यांनी आयुष्यात गल्लीतली एक नाली साफ करून घेतलेली नाही, पण मित्रमंडळ मोठं. त्या मंडळानं ठरवलं की भाऊंचा यंदा फ्लेक्स लावायचा.

"फोटोपुरता लावा ना गॉगल," मी म्हटलं.

"अन् लोकं चौकात भेटतात तवा? चष्मा काढून गॉगल लावला का मले समोरचा माणूसच दिसत नाही."

यांचा धंदा जुन्या ट्रकांचा. कोळशाच्या खेपा करून करून खिळखिळे झालेले ट्रक, टिप्पर घ्यायचे, रंग मारायचा आणि विकायचे. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू ट्रकसारखीच पारखायची असते, अशी यांची पक्की समजूत. लेझरच्या बाबतीत तेच झालं. दुकानासमोरच्या टपरीवर चार रिकामटेकडे रोज मोबाइलवर व्हिडिओ पाहून या विषयात पंडित झाले. लेझर तीन प्रकारचं असतं, हे मला त्यांच्याच तोंडून कळलं. पहिल्यात बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा एक पापुद्रा पात्यानं कापून बाजूला करतात आणि आत लेझर मारतात. दुसऱ्यात तो पापुद्राही लेझरनंच कापतात. तिसऱ्यात पापुद्रा नाहीच, बारीकशा छेदातून आतली चकती ओढून काढतात. हे सगळं ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. टपरीवर मात्र पहिलं म्हणजे साधं स्टिअरिंग, दुसरं म्हणजे पॉवर स्टिअरिंग आणि तिसरं एकदम टॉप मॉडेल, एवढ्यात निकाल लागला. डोळा हा शब्द त्या टपरीवर कोणाच्या तोंडून निघाल्याचं मी ऐकलं नाही.

मग नागपूर. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती म्हणून मी आणि आमची मुलगी, दोघी सोबत गेलो. पहिल्या दवाखान्यात डॉक्टर दिसायच्या आधी तिथली एक पोरगी टॅब घेऊन आली. सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम अशी पॅकेजं तिनं हसत हसत सांगितली. यांनी खुर्ची पुढं ओढली. "मशीन कोणत्या सालचं हाय? सर्व्हिसिंगले माणूस कुठून येते?" मला वाटलं, ती हसेल. पण तिनं कंपनी, साल, सगळं घडाघडा सांगितलं, आणि हे मान डोलावत राहिले. दोघांची भाषा एकच होती. मी मधेच विचारलं, की हे ऑपरेशन कोणी करून घेऊ नये तेवढं सांगा. भर लग्नात तेराव्याचा विषय काढावा तशी ती माझ्याकडे बघायला लागली. मग म्हणाली, ते मॅम, टेस्टमध्ये कळतं.

दुसऱ्या दवाखान्यात पहिल्याच्या मशीनला नावं ठेवली. त्यांचं जुनं झालंय, आता कोणी वापरत नाही, वगैरे. यांचा चेहरा खुलला. गिऱ्हाइकाला दुसऱ्याच्या गाडीतली खोट दाखवणारा माणूस यांना फार आवडतो. शिकल्यासवरल्या लोकांनी पांढरे कोट घालून हा बाजार मांडलाय आणि माझा नवरा त्यात लाडक्या जावयासारखा मिरवतोय, हे बघून मला दोघांचाही वीट आला.

तिसऱ्या ठिकाणी एक डॉक्टरीण बाई होत्या. तिथं म्हणे तिन्ही प्रकार होतात, म्हणजे एकाच छपराखाली तुलना करता येईल, असा यांचा हिशेब. पण त्या बाईंनी मशीनचं नाव काढलं नाही. आधी तपासण्या केल्या, मग आम्हाला आत बोलावून पडद्यावर डोळ्याचा रंगीत नकाशा दाखवला. खालच्या बाजूला लाल डाग होता.

"इथं बुबुळावरचा पडदा पातळ आहे आणि पुढं येतोय, असं वाटतं," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षा-दोन वर्षांत नंबर वाढला का?"

"नाही मॅडम. लग्नाच्या आधीपासून एकच नंबर हाय."

"डोळे चोळायची सवय?"

"बिलकुल नाही."

झोपेतून उठल्यापासून दोन्ही मुठींनी डोळे चोळणारा हा माणूस. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. खाणीच्या उतारावर उलटलेला टिप्पर विकताना 'एकाच मालकाच्या हातानं चाललेली गाडी हाय' असं सांगतात, तोच आवाज. विकायच्या मालातली खोट सांगायची नसते, हे यांच्या इतकं अंगात भिनलंय की आपलाच डोळा हे डॉक्टरला विकायला बसले होते. बाई काही तो डोळा विकत घेणार नव्हत्या, त्यावर सुरी चालवायची की नाही एवढंच त्यांना ठरवायचं होतं. तेवढं समजायलाही अक्कल लागते.

हे चष्म्यावर बसून तो मोडतात, म्हणून जुने चष्मे माझ्या पर्समध्ये पडलेलेच असतात. मी दोन काढले आणि टेबलावर ठेवले. "हा मागच्या दिवाळीचा, आणि हा त्याच्या आधीचा," मी म्हटलं. "आणि डोळे दिवसभर चोळतात."

बाईंनी दोन्ही चष्म्यांच्या काचांचे नंबर मोजून घेतले. प्रत्येक वेळी नंबर चढलेला होता, डोळ्यावरच्या चष्म्याचा तर सगळ्यांत जास्त. हे माझ्याकडे असे बघत होते की जणू मी गिऱ्हाइकाला वेल्डिंग मारलेली चासी दाखवली.

"लेझर करायचं नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "तिन्हीपैकी कोणतंच नाही. हा पडदा आणखी पातळ केला तर तो पुढं येत जाईल, मग चष्मा लावूनही नीट दिसणार नाही. आधी तो घट्ट करायचा उपचार बघावा लागेल. ते लांबवू नका."

यावर कोणीही शहाणा माणूस घाबरला असता. यांनी विचारलं, "मॅडम, हैदराबादले याच्याहून नवीन मॉडेल आलं म्हणते. त्याच्यावर नाही होणार का?"

"डोळा तर हाच घेऊन जाल ना तिकडे?"

मी कपाळाला हात लावला.

गाडीत बसल्याबरोबर यांचं सुरू झालं. "कायले आणले ते चष्मे? झालेला सौदा मोडला तू. डोळा माहा हाय, काय सांगाचं ते मी पाह्यलं असतं."

"डॉक्टरशी काहून खोटं बोलून राह्यले, ते सांगा आधी," मी म्हटलं, आणि मग मीही तोंड आवरलं नाही. मित्रमंडळ, टपरीवरचे पंडित, हैदराबादचं मॉडेल, एकेकाचा उद्धार केला. मागच्या सीटवर मुलगी झोपून गेली होती. हे अधूनमधून उलटून बोलत होते. वरोऱ्यापर्यंत आमचं भांडण पुरलं.

वरोऱ्याहून वणीच्या रस्त्याला लागलो तेव्हा अंधारून आलं होतं. कोळशाचे ट्रक समोरून दिवे लावून यायला लागले. हे बोलायचे थांबले. मला वाटलं, माझं म्हणणं लागलं असेल जिव्हारी. मला बरंच वाटलं. गाडीचा वेग कमी झाला, आणि हे स्टिअरिंगवर वाकून पुढं बघायला लागले.

"पाह्य बरं," हे हळूच म्हणाले. "समोरून एक गाडी येऊन राह्यली का दोन?"

समोरून एकच ट्रक येत होता. स्वच्छ दिसत होता.

"एक," मी म्हटलं.

यांनी गाडी पार डावीकडं घेतली. ट्रक धडधडत निघून गेला.

"कवापासून?" मी विचारलं.

"पावसाळ्यापासून. एका दिव्याचे चार-पाच दिसते. दिवसा नाही होत तेवढं."

पावसाळ्यापासून. रोज अंधार पडल्यावर हे मुलीला शिकवणीहून याच ट्रकांच्या रस्त्यानं मोटारसायकलवर घरी आणत होते, टाकीवर पुढं बसवून. घरात मलाही तोच आवाज ऐकवला होता, काही नाही, सगळं बरोबर हाय. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"थांबवा," मी म्हटलं.

"थांबून काय करू? तुले गाडी येत नाही."

ते खरं होतं. शिकते म्हटलं होतं तेव्हा यांनी हसण्यावारी नेलं होतं, आणि मीही सोडून दिलं होतं. पुढं टिप्परांची रांग होती. मुलगी मागं कूस बदलून पुन्हा झोपली.

"आता?" यांनी विचारलं.

"आता तीन," मी म्हटलं. "पहिला जवळ आहे. हळू."

आणि घर येईपर्यंत मी एकेक गाडी मोठ्यानं मोजत बसले.