त्या बिचाऱ्याची पत्ती

आमचे अण्णा लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवतात. क्रांती चौकातून त्यांनी किती वराती नाचवत नेल्या असतील, देव जाणे. त्यामुळे ऑफिसातल्या मित्रानं मला जॅझचा नाद लावला तेव्हा वाटलं, घरात एक तरी माणूस माझ्या बाजूचा निघेल. एका रविवारी मोठ्या ऐटीत परदेशातल्या एका सॅक्सोफोनवाल्याचा अल्बम लावला. माणूस प्रयोगशील म्हणून गाजलेला. सुरांना त्यानं सरळ सुट्टीच देऊन टाकली होती.

पहिल्याच किंचाळीला आई लाटणं घेऊन धावत बाहेर आली. "कुणाला लागलं रे?"

अण्णा मात्र डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत बसले. मला अगदी भरून आलं. मग ते हळहळून म्हणाले, "पत्ती गेली रे बिचाऱ्याची."

पत्ती म्हणजे सॅक्सोफोनच्या तोंडाशी बसणारी वेताची पातळ पट्टी. ती चिरली की वाद्य असंच केकाटतं.

"अण्णा, तो मुद्दाम तसं वाजवतो."

"मुद्दाम कोण बेसूर वाजवंल? लोकांपुढं सांगावं लागतं तसं. पैठणच्या लग्नात पत्ती चिरली तवा मीबी तसंच सांगितलं व्हतं."

एवढं बोलून त्यांनी कपाटातून डबी काढली. आत कोरी, भारीतली पत्ती होती, ताईच्या पाठवणीसाठी जपलेली. "ही धाडून दे त्याला. कलाकाराच्या अब्रूचा सवाल हाय."

ताईचं लग्न तोंडावर आलेलं. आपल्या पाठवणीला अण्णांनीच वाजवायचं, ही तिची लहानपणापासूनची हौस. ती उसळलीच. "माझी पाठवणी जुन्या पत्तीवर उरकता व्हय? लेक मी हाय का तो?"

अण्णा जेवेनात. त्या परदेशी माणसाचा मला असा राग आला की विचारू नका. शेवटी आईनं तह घडवला: आधी लेक, मग परदेश.

पाठवणीला अण्णा बँडचा लाल कोट घालून उभे राहिले. नव्या पत्तीवर सूर लई गोड लागला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. ताईनं गाडीची काच खाली केली, "येते अण्णा," म्हणाली, आणि सॅक्सोफोन असा किंचाळला की ड्रायव्हरनं गाडीच बंद पाडली. थेट माझा अल्बम!

ताई रडता रडता हसायला लागली. "अण्णा, पत्ती गेली का?"

अण्णांनी सॅक्सोफोन तोंडापासून काढला. पत्ती शाबूत होती. कोटाच्या बाहीनं डोळे पुसत ते म्हणाले, "नाय बाई. मुद्दाम वाजवलं."