काच खाली येईना

माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आजही पूर्ण मिटत नाही. ते माझ्यामुळं. हे कुणाला सांगितलं की माणसं आधी गाडीचं वय विचारतात. जुन्या गाड्यांच्या काचा अशाच, त्यांचा काय भरवसा, म्हणतात. त्यांना मला सोडवायचं असतं. गाडी चौदा वर्षांची होती हे खरं, पण काच वर करायचं बटण मी दाबलं होतं.

आम्ही दोघं गंगापूरकडच्या एका खेड्यात वाढलो. वडील मारकुटे होते. आमची भांडणं झाली की ते दोघांना अंगणात समोरासमोर उभं करायचे आणि म्हणायचे, "आता हाणा एकमेकाला. जो रडंल तो हारला." मी तीन वर्षांनी मोठा. लवकर संपावं म्हणून मी सगळा जीव काढून मारायचो. त्याचा ओठ फुटायचा, नाकातून रक्त यायचं, पण तो रडायचा नाही. माझा हात दुखायला लागायचा आणि शेवटी रडायचो मीच. वडील वारले तेव्हा आम्ही दोघंही तिशी ओलांडलेले होतो, तरी एकमेकांच्या अगदी जवळ उभं राहिलं की माझ्या हाताची मूठ आपोआप वळायची. त्याचीही वळत असणार.

पुढं मी वाळूजच्या एका कारखान्यात लागलो आणि शहरात राहिलो. तो शेती बघत आईपाशी राहिला.

त्या साली कापूस वेचणीच्या दिवसांत आई ओट्यावरून पडली. भावानं गावातल्या एका हाड बसवणाऱ्याला बोलावलं. त्यानं दोन दिवस तिचा पाय चोळला. तिसऱ्या दिवशी ती किंचाळायचीही थांबली, तेव्हा भावानं मला फोन केला. मी तिला गाडीत घालून संभाजीनगरला आणलं. डॉक्टर एक्स-रे हातात धरून म्हणाले, खुबा मोडलाय, आणि हा असा पाय कुणी चोळत होतं? भाऊ खाली बघत राहिला. मी त्याच्याकडं बघत राहिलो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नर्सनं सांगितलं, आईसाठी पुढून उघडणारे दोन सैल गाऊन आणा. आम्ही दोघं गाडी घेऊन गुलमंडीच्या बाजारात गेलो. जन्मभर लुगडं नेसलेल्या बाईला गाऊन कसला आणायचा, यावरनं गाडीतच सुरू झालं.

"आई गाऊन घालणार नाय," तो म्हणाला.

"तिला उठता येत नाही. लुगडं कोण नेसवणार, तू?"

"लई कळतं तुला. आठ महिने झाले घरी आला नाय, आन् आता आईला काय घालायचं ते सांगतो."

"मी असतो तर तिचा मोडलेला पाय चोळून घेतला नसता."

तेवढ्यात मागच्या गल्लीत गाडी लावायला जागा मिळाली. मी वेग कमी केला तसा तो दार उघडून उतरला. मला वाटलं, निघाला. तो गाडीच्या पुढून फिरून माझ्या बाजूला आला. माझी काच पूर्ण खाली होती. त्यानं वाकून आत बघितलं आणि विचारलं, "काय म्हणला?"

मी परत तेच म्हणालो. वर आणखी एक वाक्य जोडलं. म्हणालो, "तू तिला मरायला टाकलं होतंस."

त्यानं माझ्या मुस्कटात मारली. कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं. दुसरी मारायला त्यानं हात आत घातला तेव्हा माझं बोट बटणावर होतं. काच वर आली. त्यानं हात मागं ओढला, पण मनगट अडकलं. काच आणि वरची चौकट यांच्यामध्ये त्याचं मनगट, आणि पंजा आत, माझ्या तोंडासमोर.

इथं थांबता आलं असतं. मी बटण सोडलं नाही. काचेच्या मोटारीचा आवाज बदलला, जडावला, गुरगुरल्यासारखा झाला, आणि त्या आवाजानं मला बरं वाटलं. हे लिहायला जड जातं, पण बरं वाटलं. तो काचेवर डाव्या हातानं बुक्क्या मारत होता, शिव्या देत होता, रडत नव्हता. मी मनात म्हणत होतो, रड, रड की.

मग गाडीनं हिसका दिला. इंजिन सुरू होतं, पाय क्लचवर होता. पाय सटकला की मी सोडला, हे मला अजून सांगता येत नाही. गाडी हातभर पुढं उडी मारून बंद पडली. भाऊ गाडीबरोबर ओढला गेला, त्याचा दंड फिरला, मनगट तिथंच राहिलं. सुकी तुराटी मोडावी तसा आवाज आला आणि तो ओरडला. लहानपणापासून इतकं मारूनही तसा आवाज त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.

माझा राग त्याच क्षणी गेला. मी बटण खाली दाबलं. काच खाली येईना. पुन्हा दाबलं. दाराच्या आत कडकड असं काहीतरी फिरलं आणि गप्प झालं. मी दोन्ही हातांनी काच धरून खाली ओढायला लागलो. समोर त्याची बोटं पांढरी पडत होती. मी "काढतो, काढतो" म्हणत होतो. तो म्हणाला, "दादा, काढ रे." एवढंच.

तोवर माणसं जमली होती. कुणीतरी बघितलं होतं आणि बघितलेलं ओरडून सांगत होतं. माझ्या बाजूचं दार उघडता येत नव्हतं, म्हणून दोघांनी डावीकडून मला ओढून बाहेर काढलं. पहिली लाथ कमरेत बसली. मग मोजता आलं नाही. एक बाई चपलेनं मारत होती आणि दर फटक्याला म्हणत होती, "भाऊ हाय का वैरी?" मी हात वर केले नाहीत. चांगुलपणा म्हणून नाही, मला तेवढं सुचलंच नाही. एकानं काच फोडायला दगड उचलला.

"शीशा नक्को फोडो!" मागून आवाज आला. "टुकडे नस में घुसेंगे."

गल्लीच्या तोंडाशी गाड्यांच्या वायरिंगचं छोटं दुकान होतं. तिथला मिस्त्री, पांढरी दाढी, हातात पेचकस, गर्दीतून आला. तो भावाला म्हणाला, "बेटा, हिलना नै. दो मिनट." डावीकडून आत शिरून त्यानं दाराच्या आतलं अस्तर उपटून काढलं, बॅटरीची वायर जोडून मोटार उलटी फिरवून बघितली. ती फिरली नाही. मग त्यानं दाराच्या पत्र्यातल्या भोकातून पाना घालून काचेला धरणारे दोन बोल्ट सोडले आणि काच तळव्यांनी धरून हळूहळू खाली सरकवली. भावाचा हात सुटला. मनगट भलतीकडंच वळलेलं होतं. तो उभ्या उभ्या खाली बसला आणि ओकला.

आम्ही रिक्षानं त्याच दवाखान्यात गेलो. आई वरच्या मजल्यावर होती, खाली त्याच्या हाताला प्लॅस्टर चढत होतं. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. नस दबली होती, बोटांचं काय होईल ते नंतर कळेल, असं डॉक्टर म्हणाले. एक हवालदार आले. माझा फुटलेला चेहरा आणि भावाचा हात बघून त्यांनी त्याला विचारलं, "तक्रार द्यायची का?"

"कशाची? काच आपोआप वर आली," भाऊ म्हणाला.

"लोक वेगळं सांगतात."

"लोक गाडीत नव्हते."

हवालदार माझ्याकडं बघत राहिले. मी काही बोललो नाही. त्या गप्प बसण्याची मला मारापेक्षा जास्त लाज वाटते.

आईचं ऑपरेशन नीट झालं. सहाव्या दिवशी तिला घरी न्यायचं ठरलं, तेही भावाच्याच घरी, कारण ती दुसरीकडं यायला तयार नव्हती. गाडीची काच दाराच्या आत पडलेली होती. उसाच्या ट्रॅक्टरांनी उखडलेल्या रस्त्यानं, त्या धुळीतून तिला उघड्या खिडकीनं न्यायचं कसं? म्हणून आदल्या दिवशी सकाळी मी गाडी घेऊन त्या मिस्त्रीकडं गेलो.

त्यानं मला ओळखलं. म्हणाला, "तुमारी गाडी कू मैं हाथ नै लगाता."

मी आईचं सांगितलं. तो बराच वेळ समोरच्या डब्यातले स्क्रू निवडत बसला. मग उठून आतून नवी मोटार काढली, एक पाना आणि पेचकस माझ्यापुढं टाकला. "बताता मैं. करना तुम."

मी दाराशी उकिडवा बसलो. अस्तर काढलं, आतला प्लास्टिकचा कागद सोलला, वायरचा जोड सुटा केला. काच वर उचलून चिकटपट्टीनं चौकटीला बांधली. मिस्त्री स्टुलावर बसून एकेक सांगत होता. काच वरखाली करणारे कात्रीसारखे दोन लोखंडी हात असतात आणि त्यांना जाड स्प्रिंग असते. तो सगळा सांगाडा बाहेर काढल्यावर त्यानं बजावलं, मोटार सोडायच्या आधी हे हात तारेनं आवळून बांध, नाहीतर स्प्रिंग सुटेल. मी दोन वेढे दिले. घाई होती. तिसरा बोल्ट निघाला तशी तार तुटली, लोखंडी हात फाडकन फिरला आणि माझ्या अंगठ्याच्या बेचक्यात घुसला. मांस उघडं पडलं. रक्त मोटारीवर, विजारीवर, खाली मातीत.

"लगी?" मिस्त्रीनं विचारलं.

"हो."

त्यानं एक फडकं फेकलं. "बांधो. और फिर करो."

मी जुनी मोटार उघडून बघितली. आतल्या प्लास्टिकच्या चाकाचे दात तुटून एकमेकांत अडकले होते. पाच-सहा दातांचा पांढरा चुरा होता. मिस्त्री म्हणाला, "इसने जितना जोर था उतना लगाया. बटन तुम छोडे नै." मी नवी मोटार बसवली, सांगाडा आत घातला, काच चढवली. रक्तानं पाना निसटत होता. दुपार झाली.

काच वरखाली होऊ लागली तेव्हा मिस्त्री चहा सांगायला वळला. मी आत बसलो, बांधलेला डावा हात उलटा करून मनगट चौकटीला टेकवलं आणि उजव्या हातानं बटण दाबलं. आधी नुसता दाब आला. मग हाडावर हाड घासावं तसं झालं आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. मी तीन मोजायचं ठरवलं होतं. दोनाच्या आत बोट उचललं गेलं. भावाच्या वेळी मी किती वेळ दाबून धरलं होतं? नक्की तीनपेक्षा जास्त. दहा? मिस्त्रीनं धावत येऊन डावीकडून आत हात घातला, काच खाली केली आणि किल्लीच काढून घेतली. "पागल हो गए क्या? एक का तोड के जी नै भरा?" त्यानं मला ढकलून गाडीबाहेर काढलं आणि दुकानाच्या पायरीवर बसवलं. चहा आला तेव्हा त्यानं माझा कप स्वतः धरला, कारण माझ्या डाव्या हाताला धड पकड येत नव्हती आणि उजव्यानं मी तो दाबून धरला होता.

दुसऱ्या दिवशी आईला मागच्या सीटवर आडवं केलं. भावजय तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, भाऊ माझ्या शेजारी, प्लॅस्टरचा हात छातीशी धरून. आई वाटभर गाडीला शिव्या देत होती. "जाळून टाका ही गाडी. माझ्या लेकराचा हात खाल्ला." भाऊ रस्त्याकडं बघत होता. मी गाडी चालवत होतो.

त्यानंतर मी दर रविवारी गावी जायला लागलो. त्याला एका हातानं धार काढता येत नव्हती. भावजयीवर सगळं पडलं होतं. मी शेण काढलं, वैरण कापली, म्हशीच्या लाथा खाल्ल्या. तो ओट्यावर बसून बघायचा. कामापुरतं बोलायचा.

प्लॅस्टर निघालं त्या रविवारी तो आईच्या खाटेशी बसून बोटं मिटायचा प्रयत्न करत होता. तीन मिटत होती, दोन मिटत नव्हती. आई पुन्हा गाडीला बोलायला लागली. मी म्हणालो, "आई, काच आपोआप वर आली नाही. मी केली. त्यानं मला मारलं आणि मी बटण दाबून धरलं."

आईनं उशाशी असलेला पितळी तांब्या उचलला आणि माझ्यावर फेकला. तो कपाळावर लागला. भुवईच्या वर फुटलं. ती उठायला बघत होती, उठता येत नव्हतं, म्हणून खाटेच्या माच्यावर हात आपटत होती. मग ती भावाकडं वळली. "आन् तू? तू माझ्याशी खोटं बोलला?"

"तू आधीच मोडून पडलेली," तो म्हणाला. "तुला आणखी काय सांगू?"

भावजयीनं माझ्या कपाळाला हळद लावली. "दादा, आज जावा तुम्ही," ती हळूच म्हणाली. मी निघालो, पण पुढच्या रविवारी परत गेलो. आई दीड महिना माझ्याशी बोलली नाही. मी तिच्या पायाला व्यायाम द्यायचो तेव्हा ती भिंतीकडं तोंड करायची.

पुढं उन्हं तापायला लागल्यावर एकदा त्या व्यायामावरनंच आमचं पुन्हा जुंपलं. तिला आता वॉकर घेऊन चालवायचं, असं मी म्हणत होतो. ती पडंल, तो म्हणत होता. आवाज चढले. "तू परत तिला मोडायला निघाला," म्हणत त्यानं डाव्या हातानं माझी गचांडी धरून मला गोठ्याच्या भिंतीवर आदळलं. माझी मूठ वळली. वळलेली मला दिसली. मारावं असं त्याही क्षणी वाटलं, अगदी पहिल्यासारखं. मी पाय सोडून दिले आणि खाली मातीत बसलो. त्याच्या हातातून कॉलर सुटली.

तो वर उभा, धापा टाकत.

"ऊठ," तो म्हणाला. "आण तो वॉकर. पडली तर बघ."

आम्ही आईला दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं. त्याची तीन बोटं तिच्या दंडाभोवती घट्ट होती. ती दोघांनाही शिव्या देत होती, नाव घेऊन, आळीपाळीनं. त्या दिवशी ती दारापासून गोठ्यापर्यंत चालली आणि मधे एकदाही बसली नाही.